मिशीवाल्याचा पंचनामा

रायकर काका गेल्याचं इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, त्यासोबत एक फोटो होता. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि खाली लिहिलेलं: 'आपल्या सर्वांचे लाडके, वेस्टर्न चित्रपटाचे ऐतिहासिक सल्लागार भालचंद्र रायकर.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. हे विशेषण आपल्या नावापासून सोडवून घेण्यात त्या माणसाने शेवटची दोन वर्षं घालवली होती. ग्रुपमध्ये हे फार तर तिघांना माहीत असेल. त्यांतली मी एक. मीही हात जोडले आणि फोन पालथा ठेवला.

काका मूळचे मिरजेचे. डेट्रॉइटच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी केली, आणि ती एकाच कामाची. ते चेकर होते. दुसऱ्या कुणी काढलेलं ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर यायचं. त्यातलं प्रत्येक माप, प्रत्येक रेघ, प्रत्येक टीप तपासायची. चुकलेलं असेल त्यावर लाल पेन्सिल फिरवायची, बरोबर असेल त्यावर पिवळी. कोरं काही ठेवायचं नाही, कारण कोरं म्हणजे पाहिलेलंच नाही. सगळं झालं की कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत सही. त्या चौकटीबद्दल काका ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात इतर माणसं आपल्या कुलदैवताबद्दल बोलतात. "पाहिलं म्हणजे तपासलं नव्हे," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "सही म्हणजे नाव नव्हे, सही म्हणजे जबानी."

लाल पेन्सिल घरीही यायची. पिवळी ऑफिसातच राहायची. मुलाच्या शाळेच्या वह्या, काकूंच्या वाणसामानाच्या याद्या, हॉटेलातली मेन्यूकार्डं, मंडळाच्या गणपतीची आमंत्रणं, सगळ्यांवर फक्त लाल. घरी बरोबर असलेल्या गोष्टीवर खूण करायची गरज काय, असं त्यांना वाटत असावं. ओहायोतल्या डब्लिन गावच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. मागे हॉलचा नकाशा होता आणि त्यात उत्तर दिशा उलटी दाखवली होती. काकांनी तिकडे फोन लावून वधूपित्याला ते समजावून सांगितलं. तोवर सगळ्या पत्रिका पोस्टात पडल्या होत्या.

"लग्नाला गेलो आम्ही," शुभदा काकू सांगत, "पण आम्हाला बसवलं कुठे, तर डीजेच्या स्पीकरला लागून. हे तिथेही खूश. म्हणे, डाव्या बाजूचा स्पीकर वाजतच नाहीये."

काकूंकडे अशा गोष्टींचा साठा होता. चूक सापडली नाही तर ह्यांना जेवण जात नाही, म्हणून मी आमटीत मुद्दाम मीठ कमी घालते, असं त्या काकांच्या समोर म्हणत. काका मान हलवून म्हणत, "पण तू रोज सारखंच कमी घालतेस. ती चूक नाही, ते माप झालं."

माझी ओळख अशाच एका चुकीमुळे झाली. मी काका राहत त्या नोव्हाय गावापासून वीस मिनिटांवरच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ टेबलाशी आले. त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा वाचली.

"मराठी का?"

"हो."

"बरं झालं. मग सरळ सांगतो. तुमचं कॅन्ससचं कपाट नेब्रास्कात लागलंय."

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते येऊ लागले. ते वाचत ते अमेरिकेच्या पश्चिम भागाचा इतिहास. याचं मूळ त्यांच्या अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात होतं. भाड्याच्या खोलीत एक जुना टीव्ही होता आणि त्यावर शनिवारी दुपारी ओळीने घोड्यांचे, पिस्तुलांचे पिक्चर लागत. बाहेर गुडघाभर बर्फ, ओळखीचं कुणी नाही. काका वही घेऊन बसत आणि गोळ्या मोजत. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नऊ सुटल्या की लिहून ठेवत. गंमत म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू एका माणसापाशी येऊन थांबली. गुरांच्या बाजाराच्या गावांत कायदा आणला म्हणून ज्याचे पुतळे आहेत, असा तो एक नामांकित मार्शल. त्याचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. काका ते कधी उच्चारत नसत, म्हणून मीही लिहीत नाही. काका त्याला 'मिशीवाला' म्हणत.

मिशीवाल्याची मर्दुमकी त्यांना नको होती. त्यांना हवा होता एक पंचनामा. एका उन्हाळ्यात मिशीवाल्याने भर रस्त्यात एका माणसाला गोळी घातली. तो माणूस गावात पाण्याची गाडी हाकायचा. गोळी लागली तेव्हा त्याच्या हातात काय होतं, एवढाच प्रश्न. सहा पंच बसले, त्यांनी सही करून दिलं की हातात पिस्तूल होतं, आणि मिशीवाला पुतळ्यांच्या वाटेला लागला. पाणीवाल्याबद्दल नंतर कुणी काही लिहिलं नाही. काकांना कुठल्याशा तळटीपेत सापडलं होतं की त्या सहांपैकी एकाने, एका खोगीरवाल्याने, पुढे म्हातारपणी वेगळी जबानी दिली होती. ती जबानी हवी होती. मी पत्रं लिहिली, तीन राज्यांतल्या ग्रंथालयांना विचारलं. दीड वर्षाने एका छोट्या गावाहून मायक्रोफिल्मचं रीळ आलं.

काका त्या दिवशी यंत्रासमोर चार तास बसले. मग त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर करड्या, फिसकटलेल्या अक्षरांतलं एक पान होतं. त्यांनी बोट ठेवून मला एकच वाक्य मराठीत सांगितलं, शब्द मोजून घेतल्यासारखं: त्याच्या हातात पाणी काढायचं डबडं होतं, ते मी पाहिलं, बाकीच्या पाचांनी सही केली होती, म्हणून मीही केली.

बाहेर बर्फ जोरात सुरू झालं होतं, त्यामुळे त्यांना निघता येईना. यंत्राचा दिवा तसाच चालू ठेवून त्यांनी मला दुसरी एक गोष्ट सांगितली. काकूंनाही ती अर्धीच माहीत होती, असं म्हणाले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कंपनीतल्या पत्रा दाबणाऱ्या एका प्रेसवर एका माणसाचा उजवा हात गेला. प्रेससमोरच्या संरक्षक जाळीचं ड्रॉइंग काकांनी तपासलेलं. त्यात हात आत जाईल इतकं अंतर होतं, काकांनी ते लाल केलं होतं, आणि घाई होती म्हणून वरच्यांनी ती जाळी तशीच बनवून घेतली. अपघातानंतर अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं की कामगाराने जाळी स्वतःच काढून ठेवली होती. तपासणारा म्हणून खाली काकांची सही हवी होती. त्यांचं ग्रीन कार्ड तेव्हा कंपनीमार्फत चाललेलं. काकूंना सातवा महिना.

"मला कुणी धमकी दिली नाही गं," काका म्हणाले. "कुणी काही बोललंच नाही. नुसतं पेन पुढे केलं."

त्या माणसाला आठवड्याभरात कामावरून काढलं. एवढं सांगून ते उठले, खिडकीशी जाऊन बर्फ पाहून आले, आणि त्या पानाची छापील प्रत दोन मिळतील का, असं त्यांनी विचारलं.

सातव्या महिन्यात पोटात होता तो समीर. तोच पुढे सिनेमावाला झाला. इथे जन्मलेला, दोन वर्षं इंजिनिअरिंग करून सोडून दिलेला, लॉस एंजेलिसमध्ये जाहिरातींचं संकलन करणारा. काका त्याच्या जाहिराती पाहत आणि गाडीच्या चाकांच्या सावल्या एकमेकींशी जुळत नाहीत, असं त्याला फोनवर सांगत. समीर हसून म्हणायचा, "थँक्यू, बाबा." हसणं वर्षागणिक आखूड होत गेलं, असं काकूंचं निरीक्षण. चांगलं म्हणून काकांनी त्याला कधी काही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. त्याच्यामागे मात्र सगळं सांगत. त्याने कुठल्या जाहिरातीत काय केलं, हे ग्रंथालयातल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

एकदा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत समीर आला होता. जेवणाच्या टेबलावर काकांनी त्याला पंचनाम्याची गोष्ट सांगितली. प्रेसची नाही, फक्त खोगीरवाल्याची. समीरने काटा खाली ठेवला. त्याने वडिलांना ती गोष्ट तीन वेळा सांगायला लावली. काकू मला म्हणाल्या, "बाई, या घरात पहिल्यांदा असं झालं, की हे बोलतायत आणि तो लिहून घेतोय."

समीरने त्यावर चित्रपट लिहिला. लहानसा, हाताशी असलेल्या माणसांत आणि वस्तूंत भागेल असा. मिशीवाल्याचं नाव बदललं, मिशी ठेवली. लिहून झाल्यावर संहितेची छापील प्रत त्याने वडिलांना पाठवली आणि सोबत चिठ्ठीत लिहिलं की प्लीज, चेक करा.

हा शब्द त्याने लिहायला नको होता. काकांनी ती संहिता तीन आठवडे तपासली. त्यासाठी दुकानात जाऊन त्यांनी नवी पिवळी पेन्सिल आणली. खोगिरांचे प्रकार, दिव्यांच्या काचा, दारूच्या बाटल्यांवरची लेबलं, टोप्यांच्या कडा, सगळीकडे लाल. आणि अकरा पानांचा पंचनाम्याचा प्रसंग, ज्यात सहा माणसं एका खोलीत बसून एका कागदाकडे पाहत असतात, तो पूर्ण पिवळा. एकही ओळ सुटलेली नाही. ग्रंथालयात आणून त्यांनी ती पानं मला दाखवली. "सबंध कागद पिवळा होणं," ते म्हणाले, "माझ्या नोकरीत दोनदा झालंय." मी म्हटलं, समीरला तसं लिहून कळवा. ते म्हणाले, त्यात लिहायचं काय, दिसतंच आहे. पाकिटात घालून त्यांनी ती परत पाठवली. सोबत एक अक्षर नाही.

घरी पिवळी पेन्सिल समीरने कधी पाहिलीच नव्हती. त्याच्या बालपणात वडिलांनी कागदावर रंग लावला म्हणजे तिथे चूक होती. लाल म्हणजे चूक, आणि आता ही पिवळी म्हणजे त्याहून काही मोठं, असंच त्याला वाटलं. आणि ती सलग अकरा पानं. त्याच्या निर्मितीतल्या भागीदारालाही तो प्रसंग नको होता, नुसती माणसं बसलेली कोण बघणार म्हणून. समीरने लाल खुणांप्रमाणे टोप्या बदलल्या, काचा बदलल्या, आणि पिवळा प्रसंग काढून टाकला. पंचनामाच नाही म्हटल्यावर पाणीवाल्याच्या मरणाला काही कारण हवं. म्हणून त्याच्या हातात पिस्तूल आलं.

हे काकांना माहीत नव्हतं. चित्रीकरण मिशिगनमध्येच, एका भोपळ्याच्या शेतावर झालं, अठरा दिवसांत. कॅन्सस म्हणून तेच उभं केलं होतं. घोडे चार होते. ते पडद्यावर एकदा डावीकडून जात आणि जीन बदलून उजवीकडून येत. गावकरी म्हणून मंडळाची माणसं आली होती, पुण्या-नागपूरकडची आयटीतली मुलं, टोप्या घालून. त्यांना सांगण्यात आलं की मागे उभे राहा आणि मान खाली ठेवा, चेहरे दिसायला नकोत. मुलं हसत होती. एकाने म्हटलं, "यार, ऑफिसात पण हेच करतो." काकू रोज सकाळी थालीपिठं करून नेत. मिशीवाल्याचं काम करणारा गोरा नट ती केचपला लावून खायचा आणि काकूंना टोपी काढून नमस्कार करायचा. काका खुर्ची टाकून बसलेले असत, आनंदात. दिव्याची वात कुठवर हवी, खोगिराचा पट्टा कुणी आवळायचा, हे ते सांगत आणि लोक तसं करत. पाणीवाला मरतो तो भाग मात्र एका पावसाळी दिवशी उरकला, आणि काका सर्दी झाली म्हणून त्या दिवशी घरी होते. पंचनामाही त्याच दिवशी आटोपला असेल, असं ते धरून चालले.

पहिला खेळ मंडळाने ठेवला, नोव्हायमधल्या एका थिएटरचा सकाळचा पडदा भाड्याने घेऊन. मी काकूंच्या शेजारी होते, काका त्यांच्या पलीकडे. पाणीवाला रस्त्यावर आला, गाडीवरून उतरला, आणि त्याने कोटातून पिस्तूल काढलं. मिशीवाल्याने नाइलाजाने गोळी झाडली. मागून कुणीतरी शिट्टी घातली. काका पुढे झुकले होते, ते तसेच राहिले. पंचनामा येईल म्हणून ते पुढचा तासभर वाट पाहत होते, असं मला वाटतं. शेवटी पांढरी अक्षरं वर सरकू लागली आणि त्यात एकट्या ओळीत त्यांचं नाव आलं. सल्लागार, इतिहास. सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं.

मग सत्कार. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, दोन शब्द बोला म्हणाले. काकांनी माइक हातात घेतला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"माझं नाव काढून टाका."

हशा पिकला. त्यावर टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, पाहा, एवढं करून हा विनय. काका पुन्हा म्हणाले, "मी खरंच सांगतोय. माझं नाव त्यात नको." टाळ्या आणखी वाढल्या. आपल्याकडे सत्काराला उभा राहिलेला माणूस नको नको म्हणतोच, तसं म्हणायची रीतच आहे. इतक्या चांगल्या रीतीने ती कुणी पाळलेली लोकांनी पाहिली नव्हती. त्याच वेळी कुणीतरी तो फोटो काढला.

गाड्या ठेवतात तिथे बापलेक समोरासमोर आले. काकू आणि मी चार पावलं मागे होतो. काकांनी विचारलं की तू त्याच्या हातात पिस्तूल का दिलंस. समीर आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा लाल झाला.

"बाबा, यू मार्क्ड द होल थिंग. इलेव्हन पेजेस. एक लाइन सोडली नाही तुम्ही." त्याचा आवाज फाटला. "आय टुक इट आउट फॉर यू."

काकांनी तोंड उघडलं. काय घडलंय ते त्यांना त्या क्षणी पूर्ण कळलं, हे मी पाहिलं. आता सांगतील, असं वाटलं. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिची नीट चौकोनी घडी घातली, काकूंच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

पुढची दोन वर्षं पत्रव्यवहारात गेली. चित्रपट इंटरनेटवर दाखवणाऱ्या कंपनीला काकांनी पत्रं लिहिली, जबानीच्या पानाची प्रत जोडून. उत्तर यायचं की नाव काढण्याचा अधिकार निर्मात्याचा आहे. निर्माता समीर. समीर म्हणाला की पूर्ण झालेली फाइल आता पुन्हा उघडता येणार नाही. ते खरंही असेल. पण आईला त्याने फोनवर वेगळंच सांगितलं. म्हणाला, बाबांना माझ्या कामासोबत आपलं नाव नकोय, एवढंच आहे ते. काकूंनी ते काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका पुढच्या पत्राचं पाकीट चिकटवत राहिले. काकू त्यांच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या, त्या दिवशी ओरडल्या. ते पिवळं काय होतं ते त्याला सांगून टाका, नाहीतर मी सांगते, म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडून वचन घेतलं की त्या सांगणार नाहीत. नंतर माझ्याकडूनही घेतलं.

आमच्या ग्रंथालयाने त्या चित्रपटाची डीव्हीडी घेतली होती. स्थानिक माणसांचं काम म्हणून दर्शनी भागात ठेवली होती. एका शुक्रवारी काका आमच्या यादीतलं त्याचं पान छापून घेऊन आले, आपल्या नावाभोवती लाल वर्तुळ काढून. एवढं तरी करता येईल का, विचारलं. नियमात ते बसत नव्हतं. मी त्यांच्यासमोर संगणकातून ते नाव खोडलं. त्यांनी चष्मा पुसून पडदा वाचला.

"आणि बाकीची ग्रंथालयं?"

मी पडदा बंद केला. धीर करून विचारलं की काका, समीरला का सांगत नाही. ते खुर्चीत बसले. लाल पेन्सिलीचं टोक त्यांनी अंगठ्यावर टेकवून पाहिलं.

"सांगितलं तर त्याला कळेल, की त्याने लिहिलेलं मला पसंत होतं. आणि त्याच वाक्यात कळेल, की त्याने काय कापलं. एक द्यायचं तर दुसरं द्यावंच लागतं." मग म्हणाले, "आणि हे सगळं त्याच्या भल्यासाठी चाललंय असं समजू नकोस. मला राग आहे त्याचा. त्याने फोन करून एकदा विचारायचं होतं."

मी म्हटलं, तुम्हीही एकदा फोन करून सांगायचं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "ते मी लाल केलेलं आहे." आणि उठून गेले.

नंतर दुखणं आलं, पोटाचं. ते वेगाने वाढलं. समीर काम सोडून आला आणि घरीच राहिला. त्याने वडिलांचं सगळं केलं. न्हाऊ घालणं, औषधांच्या वेळा, सगळं. दोघांत बोलणं होतं ते औषधांचं आणि हवेचं. काकू म्हणाल्या, "दोघं इतके सभ्य वागतात ना, की मला भीती वाटते."

हे मी मराठीत लिहिते आहे. समीरला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. काकांना दिलेलं वचन आहे, हे मी स्वतःला सांगत असते, पण ते उत्तर नव्हे.

शेवटचं भेटले तो फेब्रुवारीतला रविवार होता. दुपारचं ऊन बर्फावर पडून खोलीत आलं होतं. काकांना उशांना टेकवून बसवलेलं, दाढी समीरने नुकतीच केलेली, हनुवटीपाशी साबणाचा पांढरा ठिपका राहिलेला. मी खुर्चीत बसले. समीर पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या पायांना तेल लावत होता. काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते मुलाच्या हातांकडे पाहत होते. बराच वेळ पाहून त्यांनी हाक मारली.

"समीर, तो सीन..."

श्वास पुरेना म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. काकू दारात होत्या, त्यांनाही ठाऊक होतं. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

समीरने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने फार प्रेमाने वडिलांच्या घोट्यावर हात ठेवला.

"आय नो, बाबा. तुम्हाला नाही आवडला. इट्स ओके. काढला ना मी तो. लेट इट गो."

काकांनी डोळे माझ्याकडे वळवले. सरळ, माझ्याकडे. मी काही बोलावं म्हणून, की बोलू नये म्हणून, हे मी तेव्हापासून रोज ठरवते आणि रोज बदलते. मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. वर पाहिलं तेव्हा समीर तेलाची बाटली बंद करत होता, आणि काकांनी त्याच्या मनगटाभोवती आपली बोटं घट्ट आवळली होती. तो म्हणत होता, "पाणी हवंय? वॉटर?" ते मान हलवून नाही म्हणत होते. तरी तो पाणी आणायला उठला, आणि बोटं सुटली.